स्थितांबरातील आकस्मिक तापवाढ आणि विषुववृत्तीय आयनांबर

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरचे स्थितांबर कधीकधी अवघ्या काही दिवसांत ४०-५० अंश सेल्सिअसने तापते. या घटनेला स्थितांबरातील आकस्मिक तापवाढ म्हणतात. रिचर्ड शेरहाग यांना १९५२ मध्ये बर्लिनवरून सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदींत ती प्रथम आढळली. तिचा परिणाम ध्रुवापुरता राहत नाही. हजारो किलोमीटर दूर, पेरू किंवा दक्षिण भारतावरच्या आयनांबरातही, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातही, तो स्पष्ट दिसतो.

कारण तपांबरात आहे. पर्वतरांगा आणि जमीन-समुद्रांच्या तापमानातील तफावत यांमुळे प्रचंड लांबीचे ग्रहीय तरंग उठतात. ते वर चढून ध्रुवीय भोवऱ्याच्या, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या, पश्चिमी वाऱ्यांना अडवतात. मग ध्रुवावरची हवा खाली बसते, दाबली जाते आणि तापते. ही यंत्रणा जपानचे तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये मांडली. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर, ६० अंश उत्तर अक्षांशापाशी वाऱ्याची दिशाच उलटली, तर ती मोठी तापवाढ समजतात.

हे ग्रहीय तरंग स्वतः आयनांबरापर्यंत क्वचितच पोहोचतात. तिथवर जातात त्या वातावरणातील भरती-ओहोटीच्या लाटा. बदललेल्या वाऱ्यांमुळे त्यांतल्या अर्धदैनिक लाटा बळावतात, विशेषतः चंद्राच्या ओढीने उठणारी, १२ तास २५ मिनिटांची लाट. एरवी ही चांद्र लाट इतकी क्षीण असते की ती शोधून काढावी लागते. शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर या लाटांचे वारे विद्युतभारित वायूला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ओढतात आणि जनित्राप्रमाणे विद्युतक्षेत्र निर्माण होते.

दिवसा हे क्षेत्र पूर्वेकडे असते. ते चुंबकीय विषुववृत्तावरील हा भारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, वर उचलते आणि तो चुंबकीय क्षेत्ररेषांवरून दोन्ही बाजूंना उतरून सुमारे १५ अंश चुंबकीय अक्षांशांवर साचतो. क्षेत्ररेषांवरून प्लाझ्मा असा उतरत असावा, ही कल्पना शिशिरकुमार मित्र यांनी १९४६ मध्येच मांडली होती. भारतात हे दाट पट्टे अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या भागांवर येतात. तापवाढीच्या काळात सकाळी प्लाझ्मा नेहमीपेक्षा जोराने वर जातो; दुपारनंतर मात्र खाली ढकलला जातो. त्यामुळे सकाळी पट्टे फुगतात आणि दुपारनंतर विरळ होतात.

जानेवारी २००९ ची घटना या विषयातला सर्वांत बोलका पुरावा आहे. ध्रुवीय भोवरा दुभंगला आणि ध्रुवावरचे तापमान सुमारे ७० अंशांनी चढले. सूर्य तेव्हा अत्यंत शांत होता, चुंबकीय वादळेही नव्हती. म्हणजे बदलांचे खापर सूर्यावर फोडायला जागाच उरली नाही. लिमाजवळच्या हिकामार्का रडारने प्लाझ्माची सकाळची चढण आणि दुपारची उतरण टिपली. जीपीएस संकेतांवरून मोजलेल्या इलेक्ट्रॉनसंख्येत दक्षिण अमेरिकेवर ५० ते १५० टक्के फरक दिसला. एखाद्या चुंबकीय वादळाला शोभावा असा हा बदल, आणि त्याचे मूळ ध्रुवावरच्या हवामानात!

भारतातील पुरावा अधिक जुन्या परंपरेतून येतो. चुंबकीय विषुववृत्तावर, सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा विद्युतप्रवाहाचा अरुंद पट्टा वाहतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. तो मोजण्याची भारतीय रीत साधी आणि चोख आहे: तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची नोंद वजा करायची. तिरुनेलवेली पट्ट्याखाली येते, अलिबाग त्याच्या प्रभावाबाहेर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली गेली आणि तिथल्या नोंदी आजही भारतीय भूचुंबकत्व संस्था ठेवते. मोठ्या तापवाढीच्या काळात या फरकात दुपारी उलटा प्रवाह दिसतो आणि त्याची वेळ दिवसागणिक चंद्राबरोबर पुढे सरकते.

हा विषय केवळ अभ्यासकांचा नाही. इलेक्ट्रॉनसंख्या बदलली की उपग्रहाकडून येणाऱ्या संकेताला होणारा विलंब बदलतो आणि एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या जीपीएस यंत्रांचे स्थान चुकते. विमानांसाठीच्या ‘गगन’ प्रणालीला असा विलंब सतत दुरुस्त करावा लागतो. सौरज्वाला जवळजवळ पूर्वसूचनेशिवाय येते. तापवाढीची चाहूल मात्र हवामान-प्रारूपांना बहुधा आठवडाभर आधी लागते. म्हणूनच आयनांबराच्या अंदाजात सूर्याइतकेच ध्रुवीय स्थितांबरालाही स्थान द्यायला हवे.