तगाई ते पतपेढी

गरिबाचे पांघरूण गहाण घेतले, तर सूर्यास्तापूर्वी ते त्याला परत करावे, असा दंडक निर्गम ग्रंथात आहे. धनकोचा हक्क तेथे नाकारलेला नाही. मात्र त्या हक्काला ऋणकोच्या गरजेची मर्यादा घातलेली आहे. शेतकऱ्यांसाठी झालेले कर्जविषयक कायदे या कसोटीवर पारखून पाहण्यासारखे आहेत.

‘तगाई’ हा शब्द ‘बळ देणे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. पेशवाईतही शेतकऱ्याला लागवडीसाठी तगाई मिळत असे. इंग्रजी अमलात रोख शेतसारा वेळेवर भरण्याच्या सक्तीमुळे शेतकरी सावकाराच्या अधिकाधिक कह्यात गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला; सावकारांची कर्जखते जाळण्यात आली. पाठोपाठ १८७६-७८चा भीषण दुष्काळ आला.

दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनंतर १८८३ मध्ये जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ मध्ये शेतकरी कर्ज कायदा संमत झाला. पहिला विहिरी व बांधबंदिस्तीसाठी, दुसरा बी-बियाणे, गुरे व संकटनिवारणासाठी. पण थकलेले कर्ज शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद दोन्हींत होती. बळ देणारा आणि जप्ती आणणारा हात एकच होता. ज्याच्यापाशी तारण नाही, जामीनही नाही, त्याने काय करावे?

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने निराळी वाट दाखविली. जर्मनीतील रायफायझन यांच्या पतपेढ्यांचा आदर्श त्यामागे होता. ग्रामीण संस्थेत सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्याद असे; एकाने बुडविले, तर इतरांनी भरावयाचे. म्हणून परस्परांची ओळख व सचोटी हेच खरे तारण ठरले.

हे मर्म आपल्या धर्मगुरूंनी ओळखले. छोटा नागपुरात येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी १९०९ मध्ये आदिवासींसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये उभी राहिलेली पतसंस्था पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली.

आज कर्जाच्या अर्जावर शेजाऱ्यासाठी जामीन म्हणून सही करताना आपला हात क्षणभर अडखळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्यांच्यापाशी गहाण टाकण्याजोगे फारसे काही नव्हते, अशा आपल्या वाडवडिलांनी एकमेकांसाठी दिलेल्या शब्दावरच या संस्था उभ्या राहिल्या, याचे स्मरण त्या क्षणी ठेवावे.