कलम २९९-आय

मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा खर्च अमेरिकी सरकारने का उचलला, याची एक ठरलेली गोष्ट आहे. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्कचा शेप ग्लेझर डायलिसिसचं यंत्र लावून प्रतिनिधीगृहाच्या ‘वेज अँड मीन्स’ समितीपुढे साक्षीला बसला, खासदार हेलावले आणि कायदा झाला. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत.

ती सुनावणी राष्ट्रीय आरोग्य विम्यावरची होती. ज्या विधेयकातून पुढे कायदा निघाला, ते ‘एच. आर. १’ प्रतिनिधीगृहाने २२ जूनलाच मंजूर करून सिनेटकडे धाडलं होतं आणि त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी काही नव्हतं. समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी डिसेंबरात वेगळं विधेयक मांडलं. ते पुढे सरकलं नाही. मात्र दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवणाऱ्या समितीत हेच मिल्स होते, तेव्हा ग्लेझरची साक्ष वाया गेली असंही म्हणता येणार नाही.

खरी वाट त्याआधीच आखलेली दिसते. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातातच ठेवण्याची युक्ती काढली आणि डायलिसिस वारंवार, वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. यंत्रं थोडी, रुग्ण फार. मग कोणाला घ्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती बसली: धर्मोपदेशक, वकील, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि शल्यविशारद. ‘लाइफ’ साप्ताहिकाने नोव्हेंबर १९६२ मध्ये हे छापल्यावर देशभर चर्चा झाली. पण माझ्या मते त्याहून वजनदार कागद १९६७ चा आहे. केंद्रीय अंदाजपत्रक विभागाने नेमलेल्या कार्ल गॉटशॉक समितीने उपचार प्रयोगावस्थेपलीकडे गेल्याचं मानलं आणि खर्च मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून, द्यावा असं सुचवलं. ग्लेझरच्या साक्षीच्या चार वर्षं आधी!

शेवटी काम झालं ते शनिवारी, ३० सप्टेंबर १९७२ ला. इंडियानाचे सिनेटर व्हान्स हार्टके यांनी ‘एच. आर. १’ला सभागृहातच दुरुस्ती मांडली. चर्चा जेमतेम अर्धा तास. युटाचे बेनेट यांचं म्हणणं, हा विषय राष्ट्रीय विम्याबरोबर घ्यावा. ५२ विरुद्ध ३ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. ३० ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि १ जुलै १९७३ पासून अंमल सुरू झाला.

ही दुरुस्ती म्हणजेच कलम २९९-आय. ते लांबलचक कायद्याच्या गर्दीत बसलेलं आहे. ते ‘सर्वांना मोफत डायलिसिस’ असं कुठेच म्हणत नाही. ६५ वर्षांखालचा रुग्ण सामाजिक सुरक्षेत विमा उतरवलेला हवा किंवा तशा माणसाचा जोडीदार वा अवलंबून असलेलं मूल. अशा रुग्णाला अपंग ‘मानलं जाईल’. हे ‘मानणं’ फार सोयीचं होतं, कारण त्याच कायद्याने इतर अपंगांनाही मेडिकेअर दिली. फक्त त्यांना अपंगत्वाचा भत्ता २४ महिने घेतल्यावर. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा हक्क मात्र डायलिसिस सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यापासून. सिनेटने सहा महिने म्हटले होते, मसुदे जुळवणाऱ्या संयुक्त समितीने तीन केले.

कलमाच्या शेवटच्या भागाकडे सहसा कोणी पाहत नाही. कोणत्या केंद्रांना पैसे द्यायचे यावर आरोग्य खात्याच्या मंत्र्यांना मर्यादा घालता येतील. किमान किती वापर हवा ते ठरवता येईल. उपचार योग्य आहेत का हे तपासणारं वैद्यकीय मंडळ हवं. म्हणजे पैशाबरोबर केंद्रांच्या कारभारावरची देखरेखही आली.

एक गोष्ट मात्र सुटली. तेव्हा डायलिसिसवरच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के लोक ते घरीच करत. केंद्रातल्या उपचाराचा खर्च सहज भरून मिळू लागला. घरच्या साहित्याचा तसा नाही, आणि मदतनीसाचा तर मुळीच नाही. काही वर्षांतच घरचं प्रमाण घसरलं. नव्याने येणारे रुग्ण वयस्क आणि जास्त आजारी होते, हेही त्यामागे होतंच. पण अमेरिकी काँग्रेसला हिशेब पटला असावा, कारण १९७८ च्या दुरुस्तीत घरच्या डायलिसिसला उत्तेजन देणाऱ्या तरतुदी घातलेल्या आहेत.