मिनेसोटा ते विक: एका बाईच्या मागावर

जून १९००. पश्चिम मिनेसोटातल्या एका शेतघराच्या स्वयंपाकघरात तुम्ही उभे आहात. टेबलाशी जनगणनेचा माणूस बसलाय, समोर भला मोठा तक्ता. नवरा शेतात आहे, त्यामुळे उत्तरं बाईच देतेय. इंग्रजी अडलं की मुलीकडे बघते.

जन्म? मे १८४७, नॉर्वे. अमेरिकेत कधी आलात? १८६९. लग्नाला किती वर्षं झाली? २९. एकूण मुलं किती झाली? ११. हयात किती? बाई क्षणभर थांबते. ७. माणूस आकडा लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. आता त्याला हे शेत स्वतःचं आहे की भाड्याचं, आणि स्वतःचं असेल तर गहाण आहे का, ते हवंय.

ही बाई कुणी एक नाही. तिच्यासारख्या अनेकींच्या नोंदी जशा सापडतात, तशा जोडून ती तुमच्यासमोर बसवली आहे. ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हांगरहून ‘रेस्टोरासियोन’ नावाचं छोटं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ५३ उतरली. एक मूल वाटेत जन्मलं होतं. तिथून पुढच्या १०० वर्षांत ८ लाखांहून जास्त नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. त्यांच्यापैकी एखादीचा माग काढायचा तर काळ उलटा चालावा लागतो: माहीत असलेल्या टोकाकडून माहीत नसलेल्या टोकाकडे.

या तक्त्यात तिच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव आहे. ते घेऊन नॉर्वेत गेलात तर ती तुम्हाला जन्मात सापडायची नाही.

म्हणून आधी ती हयात नसलेली ४ मुलं शोधा. तुम्ही १८९० च्या जनगणनेकडे वळता, पण तिथे काही नाही. वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीत ते कागद खराब झाले आणि उरलेसुरले जवळजवळ सगळे पुढे नष्ट करण्यात आले. मग तुम्ही शेतापासून काही मैलांवरच्या लाकडी लुथरन चर्चमध्ये शिरता. पाद्री दफनाची वही लिहितोय. अमेरिकेत राहून तो लिहितोय मात्र नॉर्वेजियनमध्ये. एकाच हिवाळ्यात, थोड्याथोडक्या दिवसांच्या अंतराने, एकाच घरातल्या तीन मुलांची नावं. कारण घटसर्प. दोन वर्षांनी बाप्तिस्म्याच्या पानावर त्यातलंच एक नाव पुन्हा येतं. गोंधळू नका, पाद्र्याची चूक नाही. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीतच होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव मिळायचं, आणि ते नाव घरातून सहजासहजी जाऊ द्यायचं नसे.

याच वहीत तुम्हाला पहिला खरा दुवा मिळतो. सरकारी माणसाला ‘नॉर्वे’ एवढं पुरेसं होतं. पाद्र्याला पुरत नाही. मंडळीत येणाऱ्या माणसाचं मूळ गाव त्याला हवं असतं. आईच्या नावाखाली त्याने लिहिलंय: विक, सोग्न. आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, शेवटी ‘दात्तर’. वडील ओले असतील तर मुलगी ओल्सदात्तर आणि मुलगा ओल्सेन. त्यापुढे राहत्या शेताचं नाव लागायचं, आणि माणूस दुसऱ्या शेतावर गेला की तेही बदलायचं. नॉर्वेत कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. म्हणजे एकाच माणसाला एका आयुष्यात तीन-चार आडनावं, आणि त्याच तालुक्यात त्याच नावाचे आणखी डझनभर लोक. नाव हा इथे सगळ्यात कच्चा धागा आहे. पक्का धागा कुठला, ते पुढच्या मुक्कामावर कळतं.

१८७७. सरकारी जमीन कचेरी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळतात. अट एवढीच की ५ वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि नागरिक व्हायचं, अर्ज करताना निदान तसा इरादा तरी नोंदवलेला हवा. ५ वर्षं भरल्याचा पुरावा द्यायला तुमच्या बाईचा नवरा आलाय. ती सोबत नाही. कागदावर ती फक्त ‘पत्नी’ आहे. कारकून विचारत जातो आणि त्या प्रश्नांतून त्यांचं घर तुमच्यासमोर उभं राहतं. ओंडक्यांचं घर, लांबी-रुंदी फुटांत. एक दार, दोन खिडक्या. एक गोठा, एक विहीर. नांगरलेले एकर किती, पिकं किती वर्षं घेतली. मधली वर्षं वाईट गेली हेही निघतं, कारण १८७३ ते १८७७ या काळात टोळधाडीने या भागातली पिकं फस्त केली होती.

मग दोन साक्षीदार पुढे येतात. हा माणूस खरोखर तिथे राहतो, आम्ही शेजारी आहोत, असं शपथेवर सांगतात. घोड्यावर बसून आलेला, चाळिशी उलटलेला एक. त्याच्यापेक्षा तरुण दुसरा. बहुतेक शोधकर्ते इथे जमिनीचा क्रमांक टिपून पान उलटतात. तुम्ही त्या दोघांची नावं लिहून घ्या.

१८६९, जूनचा महिना. सेंट लॉरेन्स नदीतलं ग्रोस ईल बेट. शिडाचं जहाज नांगर टाकून उभं आहे आणि विलगीकरण केंद्राचा डॉक्टर शिडीवरून वर चढतोय. तुम्ही खालच्या डेकवर आहात. वास आधी येतो, माणसं मग दिसतात. माल भरायच्या जागेत फळ्यांच्या दुमजली खाटा ठोकल्या आहेत. माल आता परतीच्या प्रवासात भरायचा. १८४९ मध्ये ब्रिटनने आपले नौकानयनाचे जुने निर्बंध उठवले, तेव्हापासून नॉर्वेच्या जहाजांना हा धंदा सापडला: जाताना माणसं क्वेबेकला न्यायची, येताना कॅनडाचं लाकूड ब्रिटनला पोचवायचं. म्हणून मिनेसोटाला निघालेली माणसं न्यूयॉर्कऐवजी इथे उतरतात आणि पुढे आगगाडीने, बोटीने पश्चिमेकडे जातात.

बर्गन सोडून सात आठवडे झालेत. जेवण ज्याचं त्याने आणायचं: फ्लाटब्रॉ ही पातळ कडक भाकरी, खारवलेलं मांस, सुकी मासळी, चीज. बाईची पेटी खाटेपाशी आहे. लाकडी, लोखंडी पट्ट्यांची, समोर फुलांची नक्षी आणि सालाचा आकडा. ती २२ वर्षांची आहे, अविवाहित. कप्तानाच्या यादीत तिच्या नावापुढे वय आणि देश, बस्स. क्वेबेकला आलेल्या जहाजांच्या याद्या १८६५ पासून सलग जपल्या गेल्या आहेत. ती त्याआधी आली असती तर इथे तुमचा हात रिकामाच राहिला असता.

आता तिच्या ओळीच्या वर आणि खाली बघा. चार ओळी सोडून एक कुटुंब आहे: नवरा, बायको, तीन मुलं. नवऱ्याचं नाव तुमच्या टिपणात आहे. आठ वर्षांनी जमीन कचेरीत शपथ घेणारा, चाळिशी उलटलेला साक्षीदार तो हाच.

आता नॉर्वे. बर्गनच्या पोलिसांची स्थलांतरितांची नोंदवही १८७४ पासूनची आहे, तेव्हा तिथे ती नाही. तुम्हाला जायचंय सोग्नेफ्योर्डच्या दक्षिण काठावर, विकच्या पाद्र्याच्या खोलीत. १८६९ चा वसंत. गाव सोडणाऱ्याने पाद्र्याकडून दाखला न्यायचा असतो. ती उभी आहे. पाद्री ‘गाव सोडून गेलेले’ या रकान्यात तिचं नाव लिहितो आणि गंतव्याच्या जागी एकच शब्द टाकतो: अमेरिका. त्याआधी आणि त्यानंतर, एकाच दिवशी, आणखी कितीतरी नावं. ती एकटी निघालेली नाही. अख्खी वाडी निघाली आहे.

का निघाली, हे विचारायला रकाना नाही. उत्तर तुम्हाला ३१ डिसेंबर १८६५ च्या जनगणनेत शोधावं लागतं. त्यात प्रत्येक घराची गुरं, मेंढ्या, पेरलेले ओट्स, बार्ली आणि बटाटे मोजलेले आहेत. तुम्ही तिच्या वडिलांच्या दारात उभे राहता. ते हूसमान आहेत: दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी आणि तुकडाभर जमीन, त्या बदल्यात मालकाकडे कामाचे दिवस भरायचे. तक्त्यावर एक गाय, काही मेंढ्या, आणि बटाटे. नॉर्वेत लागवडीची जमीन जेमतेम ३ टक्के. १८०१ मध्ये लोकसंख्या ९ लाखांच्या आत होती, १८६५ मध्ये ती १७ लाखांवर गेली. देवीची लस आली, बटाटा आला, लढाया थांबल्या, मुलं जगू लागली. जमीन मात्र वाढली नाही.

पण मुलगी या घरात नाहीच. ती तुम्हाला त्याच खोऱ्यातल्या एका मोठ्या शेतावर मोलकरीण म्हणून सापडते, वय १९. जन्म मे १८४७ चा, म्हणजे १८ हवं. घाबरून दुसरी कुणी शोधू नका. त्या वर्षी चालू असलेलं वर्ष धरून वय लिहायचं होतं. असल्या एका वर्षाच्या फरकाने कित्येकांनी योग्य माणूस सोडून भलत्याचीच वंशावळ रचली आहे.

आणखी तीन वर्षं मागे. १८६२, दृढीकरण, म्हणजे चर्चमधला कन्फर्मेशनचा विधी. १७३६ पासून ते सक्तीचं. मुलं ओळीने उभी आहेत, पाद्री प्रश्नोत्तरं घेतोय आणि ज्ञानाचा शेरा वहीत लिहितोय. शेजारच्या रकान्यात देवीची लस कधी टोचली त्याची तारीख. १८१० च्या कायद्यानंतर लस नसेल तर दृढीकरण नाही, लग्नही नाही. तिचा शेरा चांगला आहे. वाचता येतं तिला. पुढे मिनेसोटातून घरी पत्रं लिहायची तर हे लागणारच होतं.

आणि आता मे १८४७, विकमधलं होप्परस्टाडचं लाकडी चर्च. सुमारे ११३० मध्ये बांधलेलं, डांबर फासून काळंभोर झालेलं. तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा होतो. पाद्री नोंद करतो, आणि त्याचा मदतनीस हीच नोंद दुसऱ्या वहीत उतरवतो. या दोन वह्या रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियम आहे. एक घर जळलं तरी गाव कागदावर शिल्लक राहावं म्हणून. (आणखी मागे, एकोणिसावं शतक उजाडण्याआधी गेलात तर तारखाही मिळणार नाहीत. आपण कार्तिकी एकादशी म्हणून दिवस सांगतो, तसे तिथले पाद्री ‘ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ लिहायचे, आणि त्या साली तो कधी आला हे तुम्हालाच काढावं लागतं.)

आई-बापाची नावं मिळाली, शोध संपला असं वाटेल. शेवटचा रकाना वाचा: धर्मपिते आणि धर्ममाता, पाच नावं. तिसरं नाव शेजारच्या शेतावरच्या एका तरुण मुलाचं. तोच १८६९ च्या जहाजावर चार ओळी खाली होता. तोच १८७७ मध्ये घोड्यावरून जमीन कचेरीत आला. ३० वर्षांत त्या मुलीचं आडनाव तीनदा बदललं, देश बदलला, लिपीचं वळण बदललं. हा माणूस तेवढा तिच्या शेजारीच राहिला. पुराव्याची बाजू त्याने पक्की केली: मिनेसोटातली ती आणि विकमधली ही एकच.

हे सगळे कागद आज नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवे’ वर आणि अमेरिकी, कॅनेडियन अभिलेखागारांत सापडतात. नाव टाकून शोधाल तर त्याच नावाची पन्नास माणसं पुढ्यात येतील. त्याऐवजी साक्षीदार, सहप्रवासी, धर्मपिते यांची यादी करा आणि ती यादी घेऊन वह्या चाळा. आणि मुक्काम गाठल्यावर थेट पूर्वजांवर थांबू नका, त्या पाच नावांची पुढची पिढी शोधा. अमेरिकेहून आलेली पत्रं तिच्या आई-वडिलांच्या झोपडीत टिकली नसतील. जे मागे राहिले, ज्यांच्याकडे जमीन होती, पेटी ठेवायला माळा होता, त्यांच्याकडे ती टिकली असण्याची शक्यता जास्त. निघण्याचं कारण, मुलं गेली तो हिवाळा, टोळधाडीचं वर्ष, यातलं काही तिने स्वतःच्या हाताने लिहिलं असेल, तर ते तिथेच असणार.