चाळणी थकली हे कसं कळतं?

आज आपल्याला एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. बंद जागेत माणूस श्वास सोडत राहतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड एखादा पदार्थ धरून ठेवतो, आणि कधी ना कधी तो पदार्थ थकतो. तो थकला हे ओळखायचं कसं? पदार्थ काही बोलत नाही. या वायूला रंग नाही आणि आपल्याला कळावा असा वासही नाही.

सुरुवात शस्त्रक्रियेच्या खोलीपासून करू. 1924 साली अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी भूल देताना सोडा लाइमचा डबा वापरण्याची पद्धत मांडली. कळीचा चुना भिजवल्यावर जो चुना मिळतो, तोच सोडा लाइमचा मुख्य घटक. रुग्णाने सोडलेली हवा त्यातून जाते, कार्बन डायऑक्साइड तिथे अडकतो आणि भुलीचा वायू पुन्हा वापरता येतो. डबा किती वेळ चालला याचा हिशोब ठेवायचा, हाताला गरम लागतो का ते पाहायचं, असे त्या काळचे उपाय होते.

पुढे खड्यांत रंगदर्शक मिसळू लागले. त्यांतलं एथिल व्हायोलेट प्रसिद्ध आहे: ताजा खडा पांढरा, थकलेला जांभळा. सोय मोठी झाली, पण दोन अडचणी दिसल्या. थकलेला डबा काही तास नुसता ठेवला की जांभळा रंग उतरतो, शक्ती मात्र फारशी परत येत नाही. आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशातही हा रंग फिका पडतो.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना न्यायशास्त्र आठवतं. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. नैयायिक त्याला उपाधी म्हणतात. सोडा लाइमचं तसंच आहे. जांभळा दिसला तर डबा बदला. पांढरा दिसला म्हणून तो ताजा आहे, असं मात्र मानू नका. ही तर्कातली चूक आहे, आणि तिची किंमत टेबलावरचा रुग्ण मोजतो.

मग खूण सोडून वायूच मोजायचा मार्ग आला. 1943 मध्ये जर्मनीत लुफ्ट यांनी अवरक्त किरणांनी वायू मोजण्याची रीत मांडली, आणि त्यातूनच पुढे आजचा कॅपनोग्राफ आला. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा पडद्यावरची रेघ शून्याला टेकायला हवी. ती वर राहिली तर सोडलेलाच वायू परत आत जातो आहे. पण कारण काय? सोडा लाइम संपला असेल, किंवा यंत्रातली एखादी झडप अडकली असेल. रेघ दोन्हींत वरच राहते.

आता अवकाशात जाऊ. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 वर स्फोट झाला आणि तिघे जण चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसऱ्याला आले. ते यान दोघांसाठी होतं. त्याचे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे पुरणार नव्हते. मुख्य यानातले डबे चौकोनी, इथली जागा गोल. पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून जोड तयार केला. तो चालतो याचा पुरावा काय? कार्बन डायऑक्साइड दाखवणारा काटा खाली आला, हाच.

हे डबे एकदाच वापरायचे. महिनोन्‌महिने राहायचं तर असा साठा परवडत नाही. म्हणून 1973 च्या स्कायलॅबमध्ये झिओलाइट आला. झिओलाइटच्या सूक्ष्म छिद्रांत वायू नुसता चिकटतो, आणि निर्वात केलं की सुटतो. 1756 मध्ये स्वीडनचे क्रोनस्टेट यांनी असा एक खडा तापवला, तेव्हा त्यातलं पाणी निघून तो उकळल्यासारखा दिसला. ग्रीकमधल्या ‘उकळणं’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून हे नाव पडलं. आपल्या पुणे, नाशिक, जळगावकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत नैसर्गिक झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. यानात वापरतात तो मात्र कारखान्यात बनवलेला.

स्कायलॅबची तिसरी तुकडी 84 दिवस राहिली. पण पुन्हा पुन्हा वापरायच्या पदार्थाचा थकवा निराळा असतो. झिओलाइटला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी प्रिय, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या यंत्रात पाणी टिपणारे दोन आणि कार्बन डायऑक्साइड धरणारे दोन असे थर ठेवले. तापणं, निवणं, दाब बदलणं, यांत दाणे झिजले, भुकटी झाली आणि ती झडपांत गेली. आता खोलीतला आकडा वाढला तर चूक कोणाची? ओलावा शिरला, भुकटी अडकली की झडप बंद पडली? म्हणून थराच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, तापमान, झडपांची स्थिती हे सगळं एकत्र वाचावं लागतं.

वेळ, रंग, वायूचा आकडा, दाब: या इतिहासात नवं साधन आलं म्हणून जुनं फेकलं गेलं नाही. आजही सोडा लाइम रंग बदलतो आणि पडद्यावर रेघही असते. रंग पांढरा आणि रेघ वर, असं दिसलं तर आधी रेघेवर विश्वास ठेवायचा, आणि मग कारण शोधायचं. आता आपण प्रश्न घेऊ.