कबड्डीतील गुणपद्धतीची जडणघडण : संजीवनी, गामिनी व अमर

वऱ्हाडात हुतूतूच्या इतिहासाचा विषय निघाला की अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे स्मरण होते. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. या घटनेचा उल्लेख वारंवार होतो. खेळातील गुण कसे मोजले जातात, याच्या इतिहासाची चर्चा मात्र क्वचितच होते.

हुतूतूचे तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. लोण हेच तेथे सर्वस्व. अमरमध्ये गडी मैदान सोडीत नसे, केवळ गुण नोंदविला जाई. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुढे स्थिरावलेला खेळ मूलतः संजीवनीचा असला, तरी त्यात तिन्हींच्या खुणा दिसतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गडी बाद केल्यास गुणही मिळतो व आपला गडीही जिवंत होतो, म्हणजे एकाच कृतीचे दुहेरी मोल होते. शिवाय लोण झाल्यास दोन गुण अधिक.

बोनस रेषेने यात वेगळाच पेच निर्माण केला. बोनसचा गुण मिळतो. गडी मात्र जिवंत होत नाही. अमरचे तत्त्व संजीवनीच्या पोटात शिरले ते येथे. रेषा ओलांडून चढाईपटू पकडला गेला तरी त्याचा बोनस बुडत नाही. दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. सातही गड्यांना बाद करून बोनसही साधला, तर सात, एक आणि लोणाचे दोन असे दहा गुण एकाच चढाईत होतात. प्रत्यक्षात असे घडणे दुर्मीळच!

जपानी माजाँगशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथेही अनेक रचनांचे मूल्य एकत्र मोजले जाते. परंतु समान क्रमांच्या दोन जोड्या साधल्यास एका जोडीचे मूल्य स्वतंत्रपणे धरले जात नाही. मोठी रचना लहानीस गिळते. कबड्डीत अशी गिळंकृती नाही, बेरीज आहे.

मर्यादा आहे ती गड्यांच्या संख्येची. बोनससाठी समोर किमान सहा गडी लागतात, तर सुपर टॅकलचा अधिक गुण बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असतानाच मिळतो. त्यामुळे हे दोन लाभ एकाच चढाईत कधीच एकत्र येत नाहीत. चार वा पाच गडी असताना तर दोन्ही नसतात.