सातपुड्याची मुसळी डब्यात कशी गेली

व्यायामशाळेत विकल्या जाणाऱ्या 'देशी' ताकदीच्या पावडरींवर सफेद मुसळीचं नाव हमखास असतं आणि शेजारी हजारो वर्षांच्या परंपरेचा दाखला. मागोवा घेतला की त्या परंपरेत दोन झाडं मिसळलेली दिसतात. भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातली मुसळी म्हणजे तालमूली. ती पिवळ्या फुलांची काळी मुसळी मानली जाते. डब्यातली पांढऱ्या फुलांची निराळी. तिला शास्त्रीय नाव मिळालं 1955 मध्ये, फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांच्याकडून, तेही मुंबईच्या बोरिवलीवरून: क्लोरोफायटम बोरिविलिॲनम.

सातपुड्यातल्या धडगावच्या डोंगरउतारांवर ती पहिल्या पावसात वर येते. कोवळ्या पानांची भाजी होते. पावसाळा सरताना पानं पिवळी पडतात, जमिनीखाली बोटाएवढ्या मुळांचा झुबका उरतो. तो खणायचा, सोलायचा, वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. पुढच्या वर्षी रोप येतं ते वरच्या डोळ्यामुळे; नुसतं मूळ पुरून काही उगवत नाही. मागणी चढली तसे डोळेही खणले गेले आणि रानातली मुसळी विरळ झाली. मग तिच्या शेतीची लाट आली. त्या लाटेत खरा पैसा बेणं विकणाऱ्यांनी केला, असं माझं मत.

वाळली, दळली की ओळख संपते. शतावरीच्या एका भाईबंदाची मुळंही याच नावाने बाजारात खपतात. लैंगिक ताकदीच्या 'वनौषधी' गोळ्यांत सिल्डेनाफिल हे औषध गुपचूप मिसळलेलं असल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत.

आणि स्नायू? मुसळीतल्या सॅपोनिन या घटकांवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे. माणसांवरचे थोडे आणि लहान. डब्यावरचा झटपट ताकदीचा दावा वाचला की मला युरोपातल्या गोष्टी आठवतात: त्यांत पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, दंड फुगतात, अंगभर केस येतात. केसांचं एक वेळ खरं मानू, जनुकीय दोषाने अंगभर केस येणारी माणसं असतात. दंडांचं मात्र जमत नाही. स्नायूचा तंतू जाड व्हायला नवी प्रथिनं रचावी लागतात, त्याला आठवडे लागतात. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन 1997 मध्ये सापडलं. ते ज्यांच्यात निकामी असतं त्या बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचे स्नायू दुप्पट दिसतात, पण तेही जन्मापासूनची देणगी घेऊन वाढतात, पौर्णिमेची वाट पाहत नाहीत. 'पंधरा दिवसांत फरक' सांगणारा डबा याच लांडग्याच्या गोष्टीतला आहे. तो घेण्यापेक्षा तेवढ्या पैशात डाळ, अंडी, दूध घ्या.