पाट्याची कुरकुर : तेल की नवा बुश?

मोसम नदीच्या खोऱ्यातील नामपूर हे बागलाण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कांद्याच्या हंगामात येथील बाजार समितीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या जोडीने पिकअप गाड्यांचीही रांग लागते. एरवी याच गाड्या डाळिंबाचे क्रेट, खताच्या गोण्या आणि जनावरांचा चारा वाहतात. त्यांतील कित्येक गाड्या दिसण्याआधी ऐकू येतात. खड्ड्यातून चाक गेले, की मागच्या बाजूने 'कुई-कुई' असा आवाज उठतो. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. पाट्यांवर आणि बुशांवर बाटलीभर जळके ऑइल किंवा डिझेल शिंपडले जाते, आवाज थांबतो आणि काही दिवसांनी तो पुन्हा सुरू होतो. आवाज थांबणे म्हणजे दुखणे बरे होणे नव्हे. अनेकदा या तेलामुळेच दुखणे बळावते. ते कसे, हे समजण्यासाठी आवाज नेमका कोठून येतो हे आधी पाहावे लागते.

बुशाचे काम

टाटा २०७ किंवा महिंद्रच्या जुन्या पिकअप गाड्यांचा मागचा भार लोखंडी पाट्यांवर असतो. एकावर एक रचलेल्या या पाट्यांपैकी सर्वांत लांब असलेल्या मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. त्यांना 'डोळा' म्हणतात. एक डोळा चासीच्या हँगरला पिनेने जोडलेला असतो, तर दुसरा झुलत्या शॅकलला. भार आला की पाटा सरळ होतो, त्याची लांबी वाढते आणि शॅकल झुलून ती वाढ सामावून घेते. या प्रत्येक जोडात पिन आणि डोळा यांच्यामध्ये जे नळकांडे बसते, तो बुश होय.

बुश दोन प्रकारचे असतात. जुन्या ट्रकांमध्ये पितळ, गनमेटल अशा मिश्रधातूंचे बुश असत. त्यात पिन फिरत असे आणि निपलातून ग्रीस भरावे लागे. नंतरच्या हलक्या वाहनांत रबरी बुश आले. गॅरेजमध्ये त्यांतील एका प्रकाराला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात. त्यात दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर घट्ट चिकटवलेले असते. येथे कोणताही भाग दुसऱ्यावर घासत नाही. हालचाल होते ती रबराला पीळ पडून, आणि भार उतरला की तो पीळ सुटतो. नाव 'सायलेंट' पडले ते यामुळेच. साहजिकच अशा बुशाला वंगणाची गरज नसते.

आवाज कशामुळे?

उष्णता, हवेतील ओझोन आणि वर्षानुवर्षांचा पीळ यांमुळे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. मालेगाव-बागलाण पट्ट्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यातून भर पडते ती धुळीची आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या मालाची. कडक झालेले रबर पिळले जाण्याऐवजी लोखंडावरून सरकू लागते. हे सरकणे सलग नसते. रबर क्षणभर चिकटते, ताण वाढला की सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा घडणाऱ्या या धरसोडीतून कंप निर्माण होतो आणि तोच कुरकुरीच्या रूपाने ऐकू येतो.

त्यावर तेल टाकले की घर्षण कमी होते आणि आवाज बंद होतो. मात्र खनिज तेल आणि साधे ग्रीस नैसर्गिक रबरात शिरते. रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचे तुकडे सुटू लागतात. जे पाट्याच्या लोखंडाला औषध, तेच शेजारच्या रबराला विष ठरते. शिवाय तेलकट पाट्यावर धूळ बसते आणि तिचा लगदा पाट्यांना कानस लावल्यासारखा झिजवतो.

तेलाच्या बाटलीकडे जाणारा हात निष्काळजीपणाचा मात्र नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण, मोटेच्या चाकाला वंगण, जुन्या ट्रकच्या पिनांना ग्रीस, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे आणि तेथे ती योग्यच होती. जोड बदलला, सवय तीच राहिली. म्हणून पहिला प्रश्न असा, की जोडावर ग्रीसचे निपल आहे काय? असेल, तर बुश धातूचा समजावा, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे आणि हे काम नियमाने करावे. निपल नसेल आणि कडेला रबर दिसत असेल, तर तेथे तेलाला मज्जाव.

पाण्याची परीक्षा

दुखणे नेमके कोणत्या जोडात आहे, हे शोधण्यासाठी साध्या पाण्याची फवारणी पुरते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी. एकाने मागच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी वर-खाली हलवावी आणि दुसऱ्याने बाजूला बसून आवाजाचा माग घ्यावा. मग एका वेळी एकाच बुशावर पाणी फवारून पुन्हा हलवावे. ज्या जोडावर पाणी पडताच आवाज थांबतो, तो जोड दोषी. पाणी रबराला अपाय करत नाही आणि लवकर वाळते, त्यामुळे ही परीक्षा पुन्हा-पुन्हा करता येते. पावसाळ्यात गप्प असणारी गाडी दिवाळीनंतर बोलू लागते, त्याचेही कारण हेच.

आवाज बुशातूनच येतो असेही नाही. दोन पाट्यांच्या टोकांमधील घर्षण, शॉकअॅब्सॉर्बरच्या टोकांची रबरे, बॉडी आणि चासी यांच्यामधील गाद्या, सैल झालेले यू-बोल्ट, इतकेच काय स्टेपनीचा आधारही कुरकुरतो. आवाजाची जातही ओळखावी. बारीक, लांबणारी कुरकुर कोरड्या घर्षणाची असते. 'खट्' असा ठोका ऐकू आला, तर रबर संपले आहे आणि लोखंड लोखंडावर आदळू लागले आहे असे समजावे. ही अवस्था अधिक गंभीर होय. पहारीने डोळा अलगद उचकून पाहिल्यास पिनेभोवतीची ढिलाई उघड्या डोळ्यांनी दिसते.

बुश बदलताना

रबराला भेगा नसतील आणि ढिलाईही नसेल, तर जोड धुऊन सिलिकॉनचे ग्रीस किंवा फवारा वापरता येतो. सिलिकॉन या रबराला फुगवत नाही. पाट्यांमधील आवाजावर ब्रशने माती काढून कोरडे ग्रॅफाइट वापरणे हा तेलापेक्षा स्वच्छ उपाय आहे. मात्र बुश फाटला असेल, तर तो बदलण्याला पर्याय नाही.

हे काम अवघड नसले तरी जोखमीचे आहे. गाडी रिकामी करावी, चासी जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी आणि अॅक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा. नुसत्या जॅकवर किंवा दगड-विटांच्या थरावर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गंजलेल्या नट-बोल्टवर गंज सोडवणारे द्रव्य आदल्या रात्रीच टाकून ठेवले, तर निम्मी झटापट वाचते.

जुना बुश काढण्यासाठी अनेक ठिकाणी गॅसची ज्योत लावून रबर जाळले जाते. त्याचा धूर विषारी असतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या उष्णतेने डोळ्याजवळच्या पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा नेमका तेथेच मोडतो. प्रेसवर किंवा लांब बोल्ट, वॉशर आणि योग्य मापाची नळी यांच्या साह्याने बुश ओढून काढणे हीच खरी रीत. नंतर डोळा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावा. पिनेवर खाच पडली असेल, तर नव्या बुशाबरोबर पिनही नवी घालावी, अन्यथा नवा बुश लवकर झिजतो. बुश बसवताना साबणाचे पाणी लावले, की तो सहज सरकतो आणि पाणी वाळल्यावर घट्ट धरतो. एका बाजूचा बुश बदलला, तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा. दोन्हींचे वय सारखेच असते.

घट्ट करण्याची वेळ

नवा बुश थोड्या महिन्यांत पुन्हा फाटला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते आणि दोष मालाला दिला जातो. पुष्कळदा चूक वेगळीच असते. गाडी उचललेली, चाके लोंबकळणारी, अशा स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले जातात. बुशाची आतली नळी त्या स्थितीत जखडली जाते. गाडी खाली येताच पाटा दबतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. रिकाम्या गाडीतही ते ताणलेलेच राहते, भरलेल्या गाडीत तर फाटण्याच्या सीमेवर जाते.

म्हणून बोल्ट आधी हाताने बसतील इतकेच फिरवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, एक-दोनदा हलवून स्थिर होऊ द्यावी आणि मगच कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने ते आवळावेत. यू-बोल्ट सोडवले असतील, तर काही दिवस गाडी चालवल्यानंतर ते पुन्हा तपासावेत. या एका पायरीला वेगळा खर्च नाही, पण बुशाचे आयुष्य तिच्यावर ठरते.

पॉलियुरेथेनचे बुशही बाजारात मिळतात. ते तेलाला दाद देत नाहीत आणि अधिक टिकतात, मात्र कडक असल्याने खड्ड्यांचे धक्के जास्त जाणवतात. ते पिनेभोवती फिरत असल्याने त्यांना ठरावीक ग्रीस लावावे लागते. ते विसरले, तर रबरापेक्षा ते अधिक कुरकुरतात. मालवाहू गाडीला मूळ मापाचा, चांगल्या प्रतीचा रबरी बुश बहुधा पुरेसा ठरतो.

दुर्लक्षाची किंमत

संपूर्ण पाट्याच्या मानाने बुशाची किंमत क्षुल्लक असते. तो संपल्यावर पिन डोळ्यावर घासू लागते, डोळा लांबोडका होतो, शॅकल वाकडे चालते आणि अखेर मुख्य पाटा डोळ्याजवळ मोडू शकतो. हँगरकडील डोळाच अॅक्सलला जागेवर धरून ठेवत असतो. तो निखळला, की अॅक्सल तिरपा होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना लागणाऱ्या सेलबारी घाटासारख्या वळणावर, माल भरलेला असताना असे घडले, तर प्रश्न दुरुस्तीच्या खर्चापुरता राहत नाही. चालकाच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाचा तो प्रश्न असतो.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीच्या आदल्या दिवशी तेल शिंपडून गाडी गप्प करण्यापेक्षा, तिच्या निमित्ताने सर्व बुश पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाल्यावर आणि पाऊस सुरू होण्याआधी मिळणारी उसंत त्यासाठी सोयीची असते. शहरातील ज्यांच्याकडे पाट्यांची जुनी जीप किंवा बोलेरो आहे, त्यांनाही हेच लागू पडते. गाडी कुरकुरली, की तिचे तोंड बंद करण्याआधी ती काय सांगते आहे, हे पाण्याच्या बाटलीने तपासून पाहावे. तेलाच्या बाटलीची गरज त्यानंतर बहुधा उरत नाही.